घर न बघता बिऱ्हाड हलवायचं कसं?

एप्रिल-मे आला की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. बदलीचा आदेश हातात पडलेला असतो, मुलांच्या परीक्षा आटोपत आलेल्या असतात आणि समोर बसलेलं माणूस म्हणतं, "मॅडम, जायचे दिवस जवळ आले आणि तिकडे घराचा पत्ता नाही. घर न बघताच जायचं कसं?" घराचा प्रश्न समुपदेशकाकडे कशाला, असं कुणाला वाटेल. पण घर शोधून द्या म्हणून कुणी येत नाही. झोप उडालेली असते म्हणून येतात.

सुनंदाताईंची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगते आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

राहणार नागपूर, वय ४२. यजमान बँकेत, त्यांची बदली पुण्याला झालेली. शाखा कोथरूडची, रुजू व्हायचं मेच्या पहिल्या आठवड्यात. घरात आठवीत जाणारा मुलगा आणि ७४ वर्षांच्या सासूबाई, गुडघ्यांनी जेरीस आलेल्या. नागपूर ते पुणे सातशेवर किलोमीटर. रविवारी सकाळी निघून घर पाहून संध्याकाळी परत यावं, असं हे अंतर नाही.

"झोपच नाही येऊन राहिली मॅडम," त्या म्हणाल्या. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत फोनवर घरं बघत बसायच्या. फोनमध्ये ६३ घरांचे स्क्रीनशॉट होते. मुलाच्या चौकटीच्या वहीतलं एक मोठं पान त्यांनी पर्समधून काढून माझ्या टेबलावर पसरलं. आडव्या ओळींत घरं, उभ्या रकान्यांत भाडं, डिपॉझिट, मजला, लिफ्ट, बाल्कनी, शाळा, दवाखाना, मंदिर, भाजी. असे २४ रकाने मी मोजले. इतकं नेटकं काम पाहून मला कौतुक वाटलं आणि पोटात कालवलंही. माणूस इतकं मोजायला लागतो तेव्हा त्याला कशाची तरी फार भीती वाटत असते.

त्या दिवशी मी त्यांना झोपेपूर्वीचा श्वसनाचा सराव दिला आणि रात्री दहानंतर फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला सांगितलं. चार दिवसांनी त्या आल्या तेव्हा डोळ्यांखाली आणखी काळं झालं होतं. माझं काहीतरी बघायचं राहून गेलं होतं. मी तोच कागद पुन्हा मागितला आणि या वेळी रकाने सोडून ओळी बघितल्या. नापसंत घरांवर एकेक बारीक रेघ होती. एका घरावर मात्र पेन इतकं दाबून फिरवलं होतं की कागद फाटला होता.

"हे घर कोणतं?" मी विचारलं.

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग रडल्या. मग सांगितलं.

बाणेरचा दोन बेडरूमचा फ्लॅट, भाडं आजूबाजूच्यापेक्षा बरंच कमी. फोनवरचा माणूस म्हणाला, मी फौजी आहे, बदली झाली म्हणून घर देतो आहे. गणवेशातला फोटो पाठवला, ओळखपत्र पाठवलं. भाषा अदबीची, दर वाक्याला 'मॅडमजी'. घर दाखवायला सोसायटीचा गेटपास काढावा लागतो, त्याचे ५,००० रुपये, पहिल्या भाड्यातून वळते होतील. पाठवले. मग म्हणाला, नोंद अडकली आहे, तुमचे पैसे आधी परत करतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा आणि पिन टाका. त्यांनी टाकला. परत काही आलं नाही, आणखी ७,५०० गेले. एकूण १२,५००. भिशीचे पैसे होते. या गोष्टीला नऊ दिवस झाले होते आणि घरात कुणालाही माहीत नव्हतं.

"बँकेतल्या माणसाची बायको असून मी फसले," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

म्हणजे रात्रीचं ते शोधणं घरासाठी नव्हतंच. पुन्हा चुकायचं नाही, यासाठी होतं. एक रकाना वाढवला की दहा मिनिटं बरं वाटायचं आणि मग नवी शंका यायची: गच्ची गळत असेल का? शेजारी कसे असतील? सातशे किलोमीटरवरून या शंकांना उत्तर मिळत नाही, कारण फोटोत ते नसतंच. मे महिन्यात नळाला पाणी येतं की टँकर मागवावा लागतो, हे कुठल्या फोटोत दिसणार? त्यांच्या यादीत वाघोलीची तीन घरं होती, भाडं सहा हजारांनी कमी म्हणून वर ठेवलेली. वाघोली शहराच्या एका टोकाला आणि यजमानांची शाखा पार दुसऱ्या टोकाला. चोवीस रकान्यांत हा एक रकाना नव्हता. ज्याने ते शहर पाहिलेलं नाही त्याला तो सुचणार तरी कसा?

मी त्यांना दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. पहिली ही की तुम्ही मूर्ख नाही. स्वस्त घर, बदली झालेला फौजी, आधी थोडे पैसे आणि मग 'परत पाठवतो, कोड स्कॅन करा', ही ठरलेली रीत आहे. ती लांबून घर शोधणाऱ्यासाठीच रचलेली आहे, कारण तो स्वतः जाऊन बघू शकत नाही आणि घाईत असतो. तुम्ही सापडलात ते अक्कल कमी म्हणून नव्हे, गरज होती म्हणून. दुसरी गोष्ट हिशेबाची: यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन मागितला की पैसे जाणार, येणार नाहीत. हे त्यांनी त्याच कागदाच्या पाठीमागे लिहून घेतलं. सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० आहे, तिथे त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. अशी तक्रार काही तासांत केली तर पैसे मध्येच थोपवता येण्याची शक्यता बरी असते. नऊ दिवसांनी ती फार उरत नाही, हेही मी लपवलं नाही. पण तक्रार नोंदवून बाहेर पडताना त्यांचे खांदे थोडे खाली आले होते.

यजमानांना सांगणं त्याहून अवघड होतं. पुढच्या भेटीला दोघं आले. सुनंदाताईंनी खाली मान घालून एका दमात सगळं सांगितलं. ते काही वेळ बोललेच नाहीत. मला धाकधूक वाटली, कारण याच जागी बसून 'तरी मी सांगत होतो' म्हणणारे नवरे मी पुष्कळ पाहिले आहेत. मग ते म्हणाले, "मी रोज काउंटरवर लोकांना हेच सांगतो. घरी सांगायचं राहून गेलं." सुनंदाताईंना त्या रात्री झोप लागली.

त्यानंतरच घराचा विषय निघू शकला. लांबच्या गावी जाणारी बहुतेक माणसं दोन निर्णय एकात बांधतात आणि मग ते ओझं उचलत नाही. गावात पाय टेकायला जागा हवी, हा एक निर्णय. राहायचं घर, हा दुसरा. पहिला लांबून घेता येतो, कारण तो चुकला तरी महिन्याभरात मोडता येतो. दुसरा लांबून घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. डिपॉझिट अडकतं, अकरा महिन्यांचा करार होतो आणि मुलाची शाळा त्या पत्त्याभोवती ठरते.

यजमानांनी एका बॅगेनिशी पुढे जायचं, शाखेजवळ महिन्याच्या बोलीवर एक खोली घ्यायची आणि घर तिथून बघायचं, असं ठरलं. "दोन चुली परवडतील का?" हा सुनंदाताईंचा प्रश्न रास्त होता. आम्ही कागदावर मांडलं. खोलीचे ९,००० एका बाजूला आणि चुकीच्या घरात अडकलेलं ७५,००० डिपॉझिट दुसऱ्या बाजूला. ज्यांना सगळ्यांनी एकदमच जावं लागतं त्यांना हे जमत नाही. त्यांनी नातेवाइकांकडे पंधरा दिवस काढावेत किंवा सामान मूळ गावीच ठेवून सुसज्ज खोली भाड्याने घ्यावी. मेहुण्याकडे राहायचा संकोच वाटतो, मला कळतं. पण पंधरा दिवसांचा संकोच वर्षभराच्या मनस्तापापेक्षा हलका असतो.

मग मी विचारलं, "आजींना काय हवंय?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. चोवीस रकाने भरले होते, पण आजींना कुणी विचारलं नव्हतं. त्यांना त्रास नको म्हणून त्यांच्यासमोर विषयच काढायचा नाही, असं ठरलेलं. आजी मात्र सगळं ऐकत होत्या आणि आपल्याला गावी धाकट्याकडे पाठवणार, अशी खूणगाठ बांधून बसल्या होत्या. सुनंदाताईंनी त्या संध्याकाळी विचारलं. आजींचं उत्तर त्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं: "मले जिना नको. सकाळी ऊन येईन अशी एक खिडकी पायजे. आन माहा पलंग नेजा, बाकी तुमचं तुम्ही पाहा."

पलंग सागवानी, आजोबांनी करवून घेतलेला. सुनंदाताईंनी शिवणाच्या टेपने तो मोजला: साडेसहा फूट लांब, पाच फूट रुंद. चोवीस रकान्यांची यादी त्या दिवशी तीनवर आली: जिना चढावा लागू नये, सकाळचं ऊन असावं, शाखेत अर्ध्या तासात पोचता यावं. या तीन गोष्टी जुळल्या की हो म्हणायचं, असं ठरवून घेतलं. उरलेल्या शंका उत्तराविना राहू द्यायच्या. हे बोलायला सोपं आहे. सुनंदाताईंनी त्याचा सराव केला, अक्षरशः. रोज एक शंका कागदावर लिहायची, घडी करून डब्यात टाकायची आणि फोनला हात लावायचा नाही.

यजमानांनी तीन आठवड्यांत पाच घरं पाहिली, शाखा सुटल्यावर आणि रविवारी. प्रत्येक घरातून व्हिडिओ कॉल. पण हॉल दाखवायला नव्हे. स्वयंपाकघरातला नळ सोडून दाखवायचा, लिफ्टचं दार उघडून दाखवायचं. खाली उतरल्यावर वॉचमनला विचारायचं, दादा, या महिन्यात टँकर किती आले? एका ठिकाणी एजंट म्हणत होता पाण्याचा प्रश्नच नाही, आणि वॉचमनने सरळ सांगितलं, दिवसाआड टँकर येतो. आवडलेल्या घरी सकाळी साडेआठला पुन्हा जायचं आणि तिथून शाखेपर्यंत गाडी चालवून बघायची.

चौथं घर वारज्यातलं, पहिल्या मजल्यावर, लिफ्ट असलेलं. भाडं २४,०००. व्हिडिओ कॉलवर पूर्वेच्या खिडकीतून ऊन फरशीवर पडलेलं दिसत होतं. तिन्ही गोष्टी जुळल्या. सुनंदाताईंनी तरीही चौथी विचारली, ओट्याची उंची. यजमानांनी हसत तीही मोजून दिली. मला त्यात काही वावगं वाटत नाही. स्वयंपाक त्यांनाच करायचा होता.

घरमालक म्हणाले, "नोंदणीची काय गरज? स्टँपपेपरवर लिहून घेऊ." इथे मात्र दोघं अडून बसले, आणि ते योग्यच होतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. हल्ली ही नोंदणी ऑनलाइन होते, अंगठा द्यायला कार्यालयात जावं लागत नाही. यजमानांनी डिपॉझिट देण्याआधी घराचं वीजबिल आणि इंडेक्स टू, म्हणजे घराच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा, मागून मालकाचं नाव पडताळलं. पैसे मालकाच्याच खात्यात गेले, एजंटच्या नाही. तीच करारप्रत पुढे शाळेत पत्त्याचा पुरावा म्हणून चालली.

एक चूक होता होता राहिली. सुनंदाताई नागपूरच्या हिशेबाने निघणार होत्या. विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात, पुण्यात जूनच्या मध्यालाच सुरू होतात. यजमानांनी वेळेवर कळवलं आणि सामान १० जूनला निघालं.

१२,५०० परत आले नाहीत. भिशीच्या बायकांना सुनंदाताईंनी जाण्याआधी सगळं सांगितलं, कोडसकट आणि पिनसकट, म्हणजे दुसरी कुणी फसायला नको. मला त्यांचा सर्वांत जास्त अभिमान वाटला तो त्या दिवशी.

१३ जूनच्या दुपारी त्यांचा निरोप आला: "मॅडम, पलंग लिफ्टमध्ये नाही मावला. सुतार बोलावून पाय सोडवले, मग जिन्यातून चढवला. आईंनी सुताराला खिडकीपाशीच लावायला सांगितला."