डॅलसला येण्यापूर्वी बंदुकांच्या कायद्याविषयी

केजहून आपण विचारले आहे, की कंपनी डॅलसला पाठवत आहे, दोन्ही मुली शाळेत जाणाऱ्या आहेत, तर उवाल्डेच्या शाळेतील गोळीबारानंतर टेक्सासमध्ये काही बदलले आहे का. मी मूळचा अंबाजोगाईचा. माझी मुले इथल्याच सरकारी शाळांत शिकली, म्हणून सविस्तर लिहितो.

बदल झाले ते शाळांच्या बाजूने, बंदुकांच्या बाजूने फारसे नाहीत. २४ मे २०२२ रोजी उवाल्डेत १९ मुले आणि २ शिक्षिकांचा जीव घेणाऱ्या तरुणाने अठरावे वर्ष लागताच दुकानातून रीतसर रायफली विकत घेतल्या होत्या, आणि पोलीस त्याला रोखेपर्यंत ७७ मिनिटे गेली. महिनाभरातच केंद्राने २१ वर्षांखालील ग्राहकांची अधिक कसून तपासणी करणारा कायदा केला. टेक्सासने २०२३ मध्ये प्रत्येक शाळेत सशस्त्र रक्षक नेमण्याची सक्ती केली. मात्र अशा रायफलींसाठी वयाची अट २१ करावी, ही मृत मुलांच्या पालकांची मागणी विधिमंडळात अडली ती अडलीच. २०२१ पासून इथे २१ वर्षांवरील बहुतेकांना विनापरवाना पिस्तूल जवळ बाळगता येते.

आपल्याच तालुक्यातील मस्साजोगच्या सरपंचांच्या हत्येनंतर बीड जिल्ह्यात शस्त्रपरवान्यांची छाननी होऊन अनेक परवाने रद्द झाले, हे आपण पाहिलेच आहे. आपल्याकडे शस्त्र का हवे हे अर्जदाराने जिल्हाधिकाऱ्यांना पटवायचे असते. इथे १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीमुळे ते का नाकारायचे हे सरकारला पटवावे लागते. त्यातही राज्याराज्यांत फार अंतर आहे. न्यू जर्सीत खरेदीपूर्वीच पोलिसांकडून परवाना घ्यावा लागतो, तर टेक्सासमध्ये दोन खासगी व्यक्तींमधील विक्रीला पार्श्वभूमीची तपासणीही बंधनकारक नाही. कंपनी शहर निवडू देत असेल, तर पगाराच्या आकड्याइतकाच हा फरकही विचारात घ्या.

बातम्यांत सामूहिक गोळीबारच दिसतात, परंतु बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. माझ्या मते मुलींना खरा धोका शाळेपेक्षा मैत्रिणीच्या घरातील उघड्या कपाटाचा अधिक आहे. मुलगी कुणाकडे खेळायला जाणार असेल, तर घरात बंदूक आहे का आणि ती कुलपात असते का, हे त्या मैत्रिणीच्या आईवडिलांना सरळ विचारावे. आपल्या माणसांना संकोच वाटतो, पण इथे त्यात कुणी वावगे मानत नाही. शाळेत दार लावून शांत बसण्याचा सराव घेतला जातो, त्याची कल्पना धाकटीला आधीच द्या.

शेवटी आपल्या स्वतःबद्दल. एच-१बी (नोकरीच्या) आणि एच-४ (नोकरदाराच्या कुटुंबीयांच्या) व्हिसावरील व्यक्तीस केंद्रीय कायद्यानुसार बंदूक बाळगण्यास मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असणे यांसारखे मोजकेच अपवाद आहेत. इथे आलेली आपली मुले हौसेने गोळीबाराच्या मैदानावर जाऊन भाड्याच्या बंदुकीसह छायाचित्रे काढतात आणि गावाकडे पाठवतात. सहकाऱ्यांनी आग्रह केला, तरी वकिलाला विचारल्याशिवाय तिथे बंदूक हातात धरू नये.