ज्यू फाउंडेशनची ग्रँट आपल्याला मिळेल का?

प्रश्न: आम्ही बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृह चालवतो. भाचा लॉस एंजेलिसला असतो, तो म्हणतो तिथलं ज्यू कम्युनिटी फाउंडेशन संस्थांना पैसे देतं. ज्यू नसलो तरी चालतं का?
– एक ताई, वडवणी

उत्तर: ताई, कारखाना सुरू झाला की मायबाप कोयता घेऊन बाहेर आणि लेकराची शाळा बुडाली, हे आपल्याकडं दरवर्षीचंच, म्हणून तुमचं काम लई मोलाचं. ज्यू असायची अट नाही, 1954 पासूनचं हे फाउंडेशन तिथल्या इतर संस्थांनाही ग्रँट देतं. पण अर्ज मागवून देतात त्या स्थानिक ग्रँट लॉस एंजेलिस भागातल्या कामासाठी, त्यात वेळ घालवू नका.

दुसरी वाट आहे. दानशूर लोक तिथं स्वतःच्या नावानं फंड उघडतात, पैसे ठेवले की ते फाउंडेशनचे होतात, टॅक्समधे सूट लगेच मिळते, मग कुणाला द्यायचं ते दाता सुचवतो आणि फाउंडेशन संस्था तपासून पैसे सोडतं. भाच्याच्या ओळखीत असा कुणी असेल तर बोलायला लावा.

पण आधी एफसीआरए, म्हणजे परदेशातनं देणगी घेण्याबद्दलचा आपला कायदा, बघा! नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी लागते, त्या काळात कामावर 15 लाख खर्च दिसावा लागतो, आणि पैसा दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या खात्यातच येतो. दुसऱ्या संस्थेच्या नावावर घेऊन तुमच्याकडं वळवणं 2020 पासून बंद आहे, एजंट काहीही सांगो. भाचा अजून भारतीय नागरिक असेल तर त्यानं स्वतःच्या बचतीतनं बँकेमार्फत दिलेली देणगी मात्र एफसीआरएत मोडत नाही, सुरुवात तिथनं करा.