वाचकांचे प्रश्न : विक्लोच्या डोंगरातला डबा

गेल्या अंकात मी आयर्लंडमधल्या विक्लोच्या डोंगरात जिओकॅश शोधत हिंडण्याबद्दल लिहिलं होतं. जिओकॅश म्हणजे कुणीतरी लपवलेला डबा. त्याचे अक्षांश-रेखांश सगळ्यांना दिलेले असतात, पोचायचं आपलं आपण. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेते.

प्रश्न : मी ६१ वर्षांचा निवृत्त शिक्षक. कळसूबाई अकरा वेळा, हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने दोनदा केला आहे. मुलगा डब्लिनला असतो, ऑक्टोबरात आम्ही दोघं त्याच्याकडे जातोय. तो एका डोंगरावरचा डबा शोधायला नेणार आहे, पण वर विचारतो, 'बाबा, जमेल ना?' डोंगर ८४९ मीटर! यात न जमण्यासारखं काय आहे? — एक वाचक, नाशिक

उत्तर : काका, तुमचे पाय माझ्यापेक्षा भक्कम असणार, त्यात वादच नाही. पण मीही साताऱ्याची, अजिंक्यताऱ्यावर खेळत वाढलेली, आणि इथे पहिल्याच मोठ्या डोंगरावर बूट गमावून बसले.

८४९ म्हणजे मुलगा तुम्हाला मुल्लाक्लीव्हॉनला नेतोय. आयरिशमध्ये मुल्लाख म्हणजे माथा आणि क्लीव्हॉन म्हणजे पाळणा. विक्लोत त्याहून उंच फक्त लग्नाक्विला, ९२५ मीटर. (हो, लग्नाक्विला. आम्ही मराठी मंडळी दर वेळी हसतो. इथले लोक नुसतं 'लग' म्हणतात.)

सह्याद्रीत पायाखाली कातळ असतो. घसारा असला तरी वाट दिसते, कारण तिथून गुरं, गावकरी, देवीला जाणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या गेलेली असतात. इथे खाली ग्रॅनाइट आहे, पण त्यावर पीटचा थर. बारा महिने पाऊस, पाणी मुरत नाही, त्यामुळे मेलेलं शेवाळ आणि गवत कुजायच्या ऐवजी हजारो वर्षं साचत गेलं. हेच कापून, वाळवून लोक चुलीत जाळायचे. डोंगरावर मात्र वारा-पावसाने त्याला चर पडलेत. चर कुठे गुडघाभर, कुठे डोक्याएवढे, आणि तळाशी काळा लगदा. दोन चरांच्या मध्ये उरलेले पीटचे उंचवटे लांबून बसायला बरे वाटतात.

आता माझी फजिती. त्याच बाजूच्या एका उतारावर डबा होता (नेमका कुठे ते सांगणार नाही, शोधणाऱ्याची मजा जाते). हातातल्या जीपीएस यंत्रात डब्याची दिशा दाखवणारा बाण सरळ समोर, अंतर ६४० मीटर. म्हटलं दहा मिनिटं. धारेवरची पुसट वाट सोडली आणि बाणामागे निघाले. एका चरात उतरायचं, पलीकडच्या भिंतीला नखं रोवून वर यायचं, की पुढचा चर तयार. चाळीस मिनिटांनी पाहते तर अंतर ४१० मीटर. पुढे एक छान हिरवागार, मखमली तुकडा दिसला. आपल्याला सवय, हिरवं म्हणजे गवत, गवत म्हणजे जमीन. पाय ठेवला तो मांडीपर्यंत आत. पाय निघाला, बूट नाही. हात खांद्यापर्यंत घालून तो शोधला. वास अजून आठवतो, पाऊस पडून गेलेल्या जुन्या गोठ्यासारखा. तेवढ्यात ढग खाली आला, वीस पावलांपलीकडचं दिसेना, आणि मी डबा न शोधता परत फिरले.

खाली कुंपणाशी एक म्हातारा मेंढपाळ उभा होता. माझ्या पँटकडे बघून त्याने काय झालं ते विचारलंही नाही. एवढंच म्हणाला, सगळ्यात हिरवं असतं तेच सगळ्यात खोल असतं, तपकिरी हेदरवर पाय टाकत जा. हेदर म्हणजे ऑगस्टमध्ये जांभळं फुलणारं ते काटक झुडूप. ते उभं असेल तिथे बहुधा तुमचं वजन पेलतं.

पुढच्या खेपेला मी बाण बघायचाच नाही असं ठरवलं. बॅलिनल्टा खिंडीपासून ब्लॅक हिल, मग बिली बर्न्स गॅप, तिथून माथ्यावरच्या सर्व्हेच्या खांबापर्यंत, सगळं धारेने. डाव्या हाताला दूर किप्युअरवरचा टीव्हीचा मनोरा, मागे ब्लेसिंग्टनचं धरण. अंतर जवळजवळ दुप्पट, पण वरून उतरत आले आणि सपाट दगडांच्या रचलेल्या ढिगाखाली पाच मिनिटांत डबा मिळाला.

तेव्हा काका, बाण खिशात ठेवा आणि १:५०,००० चा कागदी नकाशा, पत्रक ५६, हातात घ्या. येऊन-जाऊन पाच तास धरा. ऑक्टोबरच्या मध्याला साडेसहाच्या आत सूर्य मावळतो. शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, मग पाचलाच अंधारून येतं. काठी घ्या. पीट किती खोल आहे ते आधी तिला कळू द्या.

प्रश्न : आकडे यंत्रात घालताना काय चुकतं? माझी बहीण म्हणते, तिचा डबा 'नेदरलँड्समध्ये' दाखवला. — पुणे

उत्तर : बहिणीला सांगा, उणे चिन्ह विसरलीस. आपण भारतातले, रेखांश नेहमी पूर्व, चिन्हाचा कधी विचारच करावा लागत नाही. विक्लो आहे पश्चिम ६ अंशांवर. उणे गाळलं की तेवढेच अंश पूर्वेला, म्हणजे थेट नेदरलँड्स.

दुसरी चूक जास्त वाईट, कारण ती पटकन लक्षात येत नाही. डब्याचे आकडे अंश आणि दशांश मिनिटांत असतात (एका अंशाची साठ मिनिटं). ५३ अंश ०६.४०० मिनिटं हे कुणी ५३.०६४ अंश असं टाकलं, तर पावणेपाच किलोमीटर दक्षिणेला जाऊन पोचतो. अक्षांशाच्या मिनिटाचा तिसरा दशांश म्हणजे जमिनीवर १.८५ मीटर, तेव्हा शून्यसुद्धा गाळू नका. आणि एवढं करूनही शेवटचे पाच-दहा मीटर यंत्र हलत राहतंच. तिथे पोचलात की ते बंद करा आणि मी असते तर कुठे लपवलं असतं असा विचार करा.

हा खेळच मुळी या अचूकतेतून निघाला. २ मे २००० ला अमेरिकेने नागरिकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली, आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनमध्ये एकाने जंगलात बादली ठेवून तिचा पत्ता जाहीर केला.

प्रश्न : डब्यात असतं काय? आमच्या छोटीला तिथे तिळगूळ ठेवायचा आहे. — ठाणे

उत्तर : आत असते ओलसर वही, पेन्सिल (थंडीत पेन उठत नाही) आणि बारीकसारीक वस्तू. एखादी घेतली तर तेवढ्याच मोलाची ठेवायची, वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तसाच झाकायचा. तिळगूळ मात्र नको. खायच्या वस्तू ठेवायची बंदीच आहे. उंदीर आणि कोल्हे वासाने डबा फोडतात, मग वहीचा लगदा. मी पैंजणाचा एक घुंगरू ठेवला होता. वर्षाने गेले तर तो नव्हता, त्याच्या जागी तीन पायांचा प्लास्टिकचा डायनोसॉर. छोटीला घुंगरू देऊन बघा.

प्रश्न : कुत्रा नेला तर चालेल? आणि वाट चुकलो तर? — बेळगाव

उत्तर : कुत्रा नको. तिथे पाठीवर रंगाचे ठिपके मारलेल्या मेंढ्या चरतात. त्या कुणाच्या तरी पोटापाण्याच्या आहेत, आणि कुत्रा मागे लागला की गाभण मेंढी दगावते. इथे कुठेही हिंडायचा कायदेशीर हक्क नाही. बऱ्याच ठिकाणी मालक चालू देतो म्हणून आपण चालतो. फाटक उघडं असेल तर उघडं ठेवा, बंद असेल तर मागे बंद करा. लग्नाक्विलाच्या पश्चिमेला ग्लेन ऑफ इमालमध्ये लष्कराचं तोफांच्या सरावाचं मैदान आहे, त्या बाजूच्या फलकांकडे काणाडोळा करू नका.

चुकलात तर ११२ किंवा ९९९ लावा आणि 'माउंटन रेस्क्यू' मागा. येतात ते सगळे स्वयंसेवक असतात. फोन लागला नाही तर शिट्टी, मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा. शिट्टी सॅकच्या तळाशी ठेवू नका. माझी तिथेच होती, बूट शोधत होते तेव्हा.