वाचकांचे प्रश्न: अल्पदृष्टीच्या वाचकांसाठी देवनागरी फॉन्ट

प्रश्न: मोठ्या टाइपातल्या पुस्तकासाठी आम्ही नेहमीचाच फॉन्ट बोल्ड करून १८ पॉइंटला लावला. तरी अल्पदृष्टीचे वाचक ‘घर’ आणि ‘धर’, ‘भार’ आणि ‘मार’ यांत अडखळतात. काय चुकलं?

बोल्डच चुकला. जाडी वाढली की रेघ आतल्या बाजूनेही फुगते आणि अक्षरातली पोकळी आवळली जाते. देवनागरीची ओळख तर पुष्कळदा याच पोकळीत असते. ध, भ आणि थ कळतात ते शिरोरेषेतल्या फटीवरून. ब आणि ष कळतात ते पोटातल्या तिरक्या रेघेवरून. बोल्डमध्ये फट बुजते, पोट भरतं आणि ध-घ, भ-म, थ-य, ब-व, ष-प या जोड्या सारख्याच दिसू लागतात. मोतीबिंदूने नजर धूसर झाली असेल तर हे आणखी लवकर घडतं. रेग्युलर आणि बोल्ड यांच्या मधलं मीडियम वजन, म्हणजे रेघेची मध्यम जाडी, घ्या. मात्र बोरूच्या वळणाची, एका दिशेने फार बारीक होणारी अक्षरंही टाळा. फिकट छपाईत ती तुटतात.

दुसरं म्हणजे पॉइंटच्या आकड्यावर विसंबू नका. १८ पॉइंट म्हणजे ६.३५ मिमी, पण ती अक्षराच्या चौकटीची उंची. शिरोरेषेपासून काना संपेपर्यंतची उंची त्या चौकटीच्या ५५ टक्के असेल तर अक्षर ३.५ मिमी पडतं, ६५ टक्के असेल तर ४.१ मिमी. छापलेल्या पानावर पट्टी ठेवून ‘म’ मोजा आणि दोन फॉन्टांची तुलना त्याच मापाने करा.

प्रश्न: फॉन्ट खास या वाचकांसाठी घडवलेला असेल, तर टाइप थोडा लहान ठेवून पानं वाचवता येतील का?

नाही. ६/६, म्हणजे निरोगी, नजरेला ४० सेंमीवरून जेमतेम ओळखू येणारं अक्षर साधारण ०.५८ मिमी उंच असतं. ६/६० नजरेला (निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून दिसतं ते जिला ६ मीटरवरून दिसतं) ते दहापट, म्हणजे ५.८ मिमी लागतं, तेही केवळ ओळखण्यापुरतं. सलग वाचायचं तर साधारण त्याच्या दुप्पट उंची हवी. हे अंतर कोणताही फॉन्ट भरून काढणार नाही. त्यासाठी आकार वाढवायचा, पान जवळ धरायचं किंवा भिंग घ्यायचं. मोठं केल्यावरही उरणारा अक्षरांतला गोंधळ मिटवणं हे फॉन्टचं काम, आणि तेच फार मोलाचं आहे.

मोठं म्हणजे नेहमीच बरं, असंही नाही. काचबिंदूने दृष्टीचं क्षेत्र आकसलेलं असेल तर अक्षर जितकं मोठं, तितकी एका वेळी कमी अक्षरं नजरेत मावतात.

प्रश्न: अमेरिकेतल्या ब्रेल इन्स्टिट्यूटने अल्पदृष्टीच्या वाचकांसाठी २०१९ मध्ये आणलेल्या ॲटकिन्सन हायपरलेजिबलसारखा देवनागरी फॉन्ट करायचा आहे. सुरुवात कुठून करावी?

तो फॉन्ट रोमन लिपीचा. त्यातून घ्यायचं ते तत्त्व. सारखी दिसणारी अक्षरं त्यात मुद्दाम वेगळी घडवली आहेत, भले त्याने सगळ्या अक्षरांचा एकसारखेपणा थोडा मोडला तरी. म्हणून ‘क’पासून क्रमाने रेखाटत जाऊ नका. वर सांगितलेल्या जोड्या, शिवाय ड-ङ, ट-ठ-ढ आणि ख-रव आधी एका पानावर मांडा आणि त्या सुटल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सुरुवातीला हे अंदाज धरा. शिरोरेषेतली फट निदान शिरोरेषेच्या जाडीएवढी रुंद. अनुस्वाराचा व्यास त्या जाडीच्या दीडपट, आणि ठिपका व रेषा यांच्यामध्ये स्पष्ट दिसेल अशी मोकळी जागा; ठिपका रेषेला चिकटला की ‘मुलांना’चं ‘मुलाना’ होतं. भ आणि ध यांची गाठ भरीव ठेवू नका, आतून मोकळी करा. ‘ख’चे दोन भाग खाली ठसठशीत जोडा. ऱ्हस्व-दीर्घ उकारांची शेपटं वेगळ्या दिशांना ठळकपणे जाऊ द्या.

खरी कसोटी खुणांच्या गर्दीत लागते. ‘धर्मांध’मध्ये काना, रफार आणि अनुस्वार एकाच जागी येतात, ‘शर्ती’त वेलांटी आणि रफार. अशा जोडगोळ्यांसाठी वेगळी आकृती रेखाटा. सुटे भाग यंत्राने एकमेकांवर ठेवले की त्यांचा गोळा होतो. उभ्या उतरंडीच्या जोडाक्षरांत खालचा भाग फार बारीक होतो. ‘द्ध’, ‘द्व’ वाचकांच्या डोळ्यांत बसलेली आहेत, ती तशीच ठेवून खालचा भाग मोठा करा. ‘ट्ठ’सारख्या क्वचित येणाऱ्या अक्षराला पाय मोडलेलं रूप द्यायला आमची हरकत नाही. ल आणि श यांची मराठी वळणं भाषेच्या सेटिंगला जोडायला विसरू नका, म्हणजे भाषा मराठी निवडली की तीच दिसतील.

प्रश्न: अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते. मग अंतर वाढवायचंच नाही का?

वाढवायचं, पण फॉन्टच्या आत. नेत्रपटलाचा (रेटिनाचा) मधला भाग खराब झालेल्यांना शेजारची अक्षरं एकमेकांत मिसळलेली दिसतात, त्यामुळे मोकळीक हवीच. लेआउटमधून अंतर टाकलं की अक्षरं सरकतात, पण त्यांची रेषा तेवढीच राहते आणि मध्ये भगदाड पडतं. प्रत्येक अक्षराच्या दोन्ही बाजूंची जागा वाढवा आणि शिरोरेषा त्या जागेपलीकडे किंचित, शेजारच्या रेषेवर चढेल इतकी लांबवा. मग शब्दांमधलं अंतरही त्या प्रमाणात वाढवावं लागतं, नाहीतर शब्द कुठे संपला ते कळत नाही.

ओळींचं अंतर टाइपच्या दीडपट ठेवा आणि ‘ट्रू’खाली ‘र्कीं’ टाकून पाहा. वरची-खालची मर्यादा फॉन्टमध्ये कमी नोंदवली असेल तर काही प्रोग्रॅममध्ये रफार चक्क कापला जातो.

प्रश्न: स्क्रीनवर काळ्यावर पांढरं चांगलं की उलट?

प्रकाशाने डोळे दिपणाऱ्यांना बहुधा काळ्यावर पांढरं सोसतं. दोन्ही पर्याय द्या. पांढरी अक्षरं काळ्यावर अधिक जाड भासतात, म्हणून तिथे एक वजन कमी घ्या. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातल्या फरकाचं (कॉन्ट्रास्टचं) प्रमाण ७:१च्या खाली नेऊ नका, ४.५:१ ही नेहमीच्या मजकुरासाठीची किमान पायरी आहे.

प्रश्न: फॉन्ट खरंच सुधारला की नाही, हे कसं तपासावं?

आधी जुना आणि नवा फॉन्ट ‘म’च्या सारख्याच उंचीवर आणा, नाहीतर मोठा दिसणारा फॉन्ट उगाच जिंकतो. दोन्हींची चित्रं संगणकावर पायरीपायरीने धूसर करा आणि कोणती जोडी कुठल्या पायरीला एकरूप होते ते टिपा. ही चाळणी झाली. त्यानंतर अल्पदृष्टीच्या वाचकांना बसवा. अंतर आणि उजेड ठरलेला ठेवा. आकार प्रत्येक पायरीला १.२६ने भागत खाली न्या आणि वाचनाचा वेग कुठे कोसळतो ते नोंदवा. वाक्यं देऊ नका, एकमेकांशी संबंध नसलेले शब्द द्या. वाक्यात संदर्भावरून ‘घर’ ओळखता येतं आणि अक्षरातला दोष लपून राहतो. कोणतं अक्षर कशासारखं वाचलं गेलं, याचा तक्ता करा. पुढच्या दुरुस्त्या त्याच तक्त्यावरून ठरवा.