मिहानची नोकरी घे, पण पर्चेसमध्ये (खरेदी खात्यात) बस
अरे भाऊ, नागपूरच्या मिहान उद्योग-पट्ट्यातल्या कंपनीत गेलो म्हणजे विकलो गेलो का, असं विचारतोस; तसं काही नसते, जॉईन हो. फक्त सीएसआरच्या, म्हणजे कंपनीच्या समाजकार्याच्या फोटोंना भुलू नको, मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के कायद्यानेच खर्चावे लागतात, उपकार कसले! खरी दादागिरी पर्चेसमध्ये दिसते. हिंगण्याचा लहान फॅब्रिकेटर (धातूचं काम करून देणारा) माल टाकून जातो अन् त्याचं बिल 'अप्रूव्हलला आहे' म्हणून महिनोन्महिने पडून राहते बाप्पा. २००६ च्या एमएसएमई (लहान उद्योगांच्या) कायद्यात लेखी करार असला तरी पैसे द्यायला ४५ दिवसांच्या वर जाता येत नाही, पुढं चक्रवाढ व्याज लागते, हे साहेबाला मेलवरच विचारायचं, तोंडी नाही. आधी त्या फॅब्रिकेटरची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) बघून घे, नुसता ट्रेडर असला तर हे लागू होत नाही.