गॅस ‘संपत’ नाही: फ्रीज थंड होत नसल्याबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या वेळी कॉम्प्रेसरबद्दल लिहिल्यापासून एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत येते आहे: फ्रीज चालू आहे, पण थंड करत नाही. म्हणून निवडक प्रश्न एकत्र घेतो.

प्रश्न : फ्रीजच्या दोन्ही बाजू हाताला गरम लागतात. बिघाड आहे का?

नाही. आतली उष्णता बाहेर टाकणारी नळी बऱ्याच मॉडेलांत बाजूच्या पत्र्याआडच असते. पुस्तिकेत सांगितली आहे तेवढी जागा भोवती मोकळी सोडा.

प्रश्न : डायल सगळ्यात मोठ्या आकड्यावर ठेवला तरी थंडावा पुरेसा वाटत नाही.

डायलवरचे आकडे म्हणजे अंश सेल्सिअस नव्हेत. आणि ‘वाटणं’ सोडा, मोजा. पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर बुडवून पेला मधल्या फळीवर रात्रभर ठेवा. सकाळी ४ अंश किंवा त्याखाली आकडा दिसायला हवा. फ्रीजरमध्ये उणे १८ हवेत. आकडा जास्त आला, तर आधी दाराचं रबर तपासा: कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. ती सहज निघाली तर तिथून हवा आत येते आहे.

प्रश्न : फ्रॉस्ट फ्री फ्रीज आहे. वर बर्फ होतो, खाली मात्र काहीच गार राहत नाही.

अशा फ्रीजमध्ये थंडी तयार होते ती वरच, फ्रीजरच्या मागच्या पॅनेलआड. पंखा ती हवा खाली ढकलतो. तेव्हा डब्यांनी हवेची तोंडं बुजवली आहेत का, ते आधी पाहा. तसं नसेल तर पंखा बंद पडला असेल, किंवा कॉइलवरचा (त्या पॅनेलआडच्या थंड नळ्यांवरचा) बर्फ ठरावीक वेळाने वितळवणारा हीटर काम करत नसेल. मग कॉइल बर्फाने गच्च होते आणि हवेला वाटच उरत नाही. फ्रीज रिकामा करून, बंद करून, दारं उघडी टाकून दिवसभर ठेवा. नंतर काही दिवस नीट चालून पुन्हा तेच झालं, तर संशय हीटरच्या सर्किटवर. ते उघडणं मात्र तंत्रज्ञाचं काम. आणि बर्फ सुरीने खरवडू नका. एक टोचा बसला की नळी फुटते.

प्रश्न : मेकॅनिकने पाच मिनिटं पाहून ‘गॅस संपलाय’ म्हणून गॅस भरला. तीन महिन्यांनी पुन्हा तेच. गॅस दर वर्षी भरावा लागतो का?

नाही, नाही आणि नाही! फ्रीजमधला गॅस म्हणजे गाडीतलं पेट्रोल नव्हे. कॉम्प्रेसरपासून कॉइलपर्यंतची वाट सीलबंद असते. पहिल्या दिवशी भरलेला गॅसच तिच्यातून वर्षानुवर्षं फिरतो. तो कमी झाला, तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता वरून गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं, आणि पैसे मात्र प्रत्येक वेळी तुमचे जातात. तुमच्याकडे नेमकं हेच झालेलं दिसतं.

खरी दुरुस्ती पाच मिनिटांत होत नाही. नळ्यांत दाब देऊन गळती शोधावी लागते, ती जागा डाग देऊन बंद करावी लागते, ओल शोषणारा फिल्टर ड्रायर बदलावा लागतो, व्हॅक्यूम पंपाने आतली हवा आणि ओल काढावी लागते. मग लेबलवर लिहिलेलं वजन काट्यावर मोजून गॅस भरायचा. घरगुती फ्रीजमध्ये तो अनेकदा शंभर ग्रॅमपेक्षाही कमी असतो. अंदाजाने भरला तर जास्त होतो, आणि जास्त झाला तरी थंडावा बिघडतो. लेबलवर आर-६००ए लिहिलं असेल तर अधिकच जपा. तो आयसोब्युटेन आहे, पेट घेणारा. नळीत गॅस शिल्लक असताना तिथे ज्योत नेणं जिवावर बेतू शकतं.

बंद पंखा, बर्फाने भरलेली कॉइल, मागे साचलेली धूळ, या सगळ्यांची लक्षणं वरवर सारखीच दिसतात. म्हणून ‘गॅस गेला’ म्हणणाऱ्याला विचारा: गळती कुठे सापडली? उत्तर नसेल तर काम देऊ नका, कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राकडून तपासून घ्या.

प्रश्न : दर काही मिनिटांनी मागून ‘टक’ आवाज येतो आणि पुन्हा शांत होतं.

कॉम्प्रेसर सुरू व्हायला धडपडतो आहे आणि ओव्हरलोड, म्हणजे त्याला जळण्यापासून वाचवणारा स्विच, त्याची वीज तोडतो आहे. कारण त्याला सुरू करून देणारा रिले असेल, कमी व्होल्टेज असेल किंवा खुद्द कॉम्प्रेसर. प्लग काढा, तंत्रज्ञ बोलवा. आज.

प्रश्न : दोन दिवसांपासून आत थंडावा नाही. मेकॅनिक चार दिवसांनी येणार. वास येत नसेल तर अन्न चालेल ना?

दोन दिवस थांबलात कशाला? वास ही कसोटी नाही. आजारी पाडणारे जंतू वास न येताही वाढतात. दूध, मांस, मासे, शिजवलेलं अन्न ४ अंशांच्या वर दोन तासांहून जास्त राहिलं असेल, तर टाकून द्या. चव घेऊन पाहू नका. घरात कुणाचं इन्सुलिन त्या फ्रीजमध्ये असेल, तर ते वापरण्याआधी डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला फोन करा, मेकॅनिकला नंतर.