वाचक विचारतात : उन्हाळ्यात फिरायला जायचं की नाही?

प्रश्न : ताई, मी ७२ वर्षांचा, नेरुळला राहतो. रोज साडेसातला 'ज्वेल ऑफ नवी मुंबई' बागेत जातो, तळ्याभोवती फिरतो, मग मंडळींबरोबर गप्पा होतात आणि नऊला घरी. मागच्या आठवड्यात परत येताना एकदम गरगरलं, बाकावर टेकलो, दहा मिनिटांनी बरं वाटलं. मुलगा म्हणतो आता पाऊस येईपर्यंत घराबाहेर पडायचं नाही. बीपीची गोळी चालू आहे, त्यात पाण्याची गोळीपण आहे. तहान म्हणाल तर मला लागतच नाही. काय करावं?

उत्तर : काका, मुलाची काळजी रास्त आहे, पण पाऊस येईपर्यंत घरी बसायचं म्हणजे दीड-दोन महिने, आणि या वयात तेवढ्यात मांड्यांची ताकद आणि तोल दोन्ही उतरतं, मग नेमका जूनमध्ये ओल्या फरशीवर पाय सरकतो. त्यामुळे फिरणं बंद करू नका, फक्त त्याची वेळ आणि पद्धत बदलू. पण त्याआधी दुसरं.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त लागलेलं वाक्य म्हणजे 'तहान लागतच नाही'. वय वाढलं की अंगातलं पाणी कमी झालं तरी तहान उशिरा लागते, घामही पूर्वीसारखा पटकन सुटत नाही, म्हणजे इशारा देणारी यंत्रणाच मंद झालेली असते. माझ्या बाबांच्या उशाशी सकाळी भरून ठेवलेला तांब्या संध्याकाळी बघायचे तर वरचं भांडंसुद्धा हललेलं नसायचं, आणि विचारलं की म्हणायचे अगं प्यायलो की. तेव्हापासून आमच्या घरी पाणी तहानेवर नाही, घड्याळावर. उठल्यावर एक ग्लास, फिरायला निघताना अर्धा, आल्यावर एक, मग दर दीड-दोन तासांनी अर्धा. मात्र हार्टचा किंवा किडनीचा त्रास असलेल्यांना डॉक्टरांनी पाण्याचं माप ठरवून दिलेलं असतं, त्यांनी तेच पाळायचं.

पाण्याच्या गोळीचं महत्त्वाचं. ती लघवीवाटे मीठ आणि पाणी बाहेर काढते, त्यात घाम, त्यात उन्हाळ्यात बीपी मुळातच थोडं उतरतं, म्हणून गरगरलं असण्याची शक्यता बरीच आहे. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, पण या आठवड्यातच डॉक्टरांकडे जा आणि बीपी बसून एकदा व उभं राहून एकदा मोजायला सांगा. तोवर झेपेल तसं घरातच चाला. फिरताना छातीत दुखलं किंवा धाप लागली तर मात्र आठवडा बघायचा नाही, त्याच दिवशी जायचं.

आता वेळ. मे महिन्यात सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, तर सहाला बाहेर आणि पावणेसातला घरी. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढाच वेग पुरे. गप्पा सोडू नका, त्या फक्त सावलीत किंवा कुणाच्या तरी घरी हलवा, कारण आठ-नऊचं ऊन तुम्ही बसूनच अंगावर घेत होतात. संध्याकाळी जायचं तर सूर्य मावळल्यावर, पेव्हर ब्लॉक तोपर्यंत तापलेलेच असतात.

मोबाइलवर ३५ डिग्री दिसलं की आपल्याकडे लोक निर्धास्त होतात, नागपूरला ४४ असतं म्हणतात. तिथली हवा कोरडी, घाम वाळतो आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो, आपल्याकडे खाडीच्या दमट हवेत तो नुसता पाठीवरून ओघळतो आणि अंग तापलेलंच राहतं. म्हणूनच हवामान खातंसुद्धा मैदानी भागात ४० डिग्रीपासून उष्णतेची लाट धरतं आणि किनारपट्टीला ३७ पासून, नेहमीपेक्षा साडेचार डिग्री जास्त असेल तर. १६ एप्रिल २०२३ला खारघरच्या मैदानात कार्यक्रमाला आलेले १४ जण गेले, ती माणसं काही धावत नव्हती हो, उन्हात बसलेली होती. त्यामुळे फार उकाडा असेल त्या दिवशी घरातच फिरा, खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, ओट्याला धरून एका पायावर उभे राहा.

प्रश्न : मी घोडबंदर रोडला राहते. सासूबाई (६८) संध्याकाळी उपवन तलावावर फिरायला जातात पण दुपारपासूनच पाणी बंद करतात, बाहेर बाथरूमची पंचाईत म्हणून. आम्ही बोललो तर चिडतात.

उत्तर : चिडणारच गं, त्यांची अडचण खरी आहे, गुडघे धरलेले असताना बाहेरच्या टॉयलेटमध्ये बसणं सोपं नाही. भांडू नका, सकाळपासून तीनपर्यंत पाणी भरपूर होऊ दे, निघायच्या आधी जाऊन येऊ दे, आणि सध्या सोसायटीच्या आवारातच फेऱ्या होऊ देत, घर दोन मिनिटांवर असलं की ही भीती आपोआप जाते. खोकताना-शिंकताना लघवी होते का तेही हळूच विचार, बायका सांगत नाहीत आणि त्याला उपचार असतात. अंगात पाणी कमी आहे का हे बघायला हाताची कातडी चिमटीत धरू नकोस, या वयात ती तशीही सैल असते, जीभ कोरडी आहे का आणि लघवी गडद पिवळी आहे का ते बघ.

आणि हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेव. चक्कर, मळमळ, पायात गोळे आले तर सावलीत आडवं करायचं, थोडं थोडं पाणी द्यायचं. पण असंबद्ध बोलायला लागल्या, अंग चटका बसेल असं तापलं, तर तो उष्माघात समजायचा, लगेच १०८ला फोन, गाडी येईपर्यंत कपडे सैल करून अंगभर पाणी, पंखा, मानेवर आणि काखेत ओली फडकी. तापाची गोळी द्यायची नाही, तिचा इथे उपयोग होत नाही, आणि शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

प्रश्न : ठाण्याला कोपरीत राहतो, वय ६६, बीपी आहे. रोज ओआरएस घेतलं तर चालेल?

उत्तर : रोज नको, त्यात मीठ असतं. जुलाब झाले किंवा खूप घाम गेला तरच, आणि तेव्हाही डॉक्टरांना विचारून. एक लिटरचं पाकीट असेल तर पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवायचं, ग्लासात चिमूट-चिमूट टाकायचं नाही. गोड टेट्रापॅक म्हणजे ओआरएस नव्हे. एरवी साधं पाणी, आणि दुपारी मीठ बेताचं घातलेलं पातळ ताक.